पलीकडच्या खोलीतली गैरहजर

पोरगी नुकतीच झोपली होती, तेवढ्यात वॉशिंग मशीन खडखडलं. तुझ्या पँटच्या खिशात फासा राहिला होता. फ्रिजवर ठेवलाय. आता तिने झोपेतच माझं बोट धरलंय, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लावून घे.

तुमच्या त्या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळाला जो गैरहजर, त्याचं पात्र तंबूत झोपतं, त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम तूच केलास. मग काल माझं पात्र, माझी वैदू म्हातारी, कशी मेली? लग्नाआधीपासून तिनेच तुम्हा सगळ्यांच्या जखमा बांधल्या. मी इथे हिला थोपटत होते आणि सगळं ऐकू येत होतं. तुझा दंतवैद्य मित्र म्हणाला, "दाराआड सापळा आहे का बघायला वहिनींची म्हातारी पाठवू पुढे. तशाही त्या आता कुठे खेळतात!" हा तोच, जो दिसेल त्या दाराला लाथ घालतो आणि अंगाशी आलं की "माझं पात्रच तसं आहे" म्हणतो. फासा वाईट पडला की म्हणे टेबल हललं! त्याच्याकडून मला काय अपेक्षा असणार? पण खेळ चालवणारा तू. हसून म्हणालास, "बरं, टाक फासा." एवढी लाचारी, आणि ती कुणासाठी, तर त्याच्यासाठी!

आम्ही ताईकडे जातोय. शनिवारी येईन ती तुमच्याबरोबर खेळायला बसायलाच. पोरीला तू झोपवायचंस.

उठली बघ. काल तीही जागी होती वाटतं. विचारतेय, "आई, बाबांनी तुझ्या म्हातारीला वाचवलं का नाही?"