तिसऱ्या फळीवरची आत्या

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तू माझ्याकडे पाठ फिरवून बसली आहेस हे माहीत असल्यामुळे नमस्कार पाठीलाच केला आहे. पोचला असेल.)

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या लाँड्रीतली वाफेची इस्त्री दुरुस्त झाली का, की अजून मधेच ठिबकते आणि गिऱ्हाइकांच्या पँटवर नकाशे काढते? बीपीची गोळी नाश्त्याच्या आधी घ्यायची असते, ती घेतलीस का हे मी रोज सकाळी दहाला फोनवर विचारायचो. आता बावीस दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून बावीस दिवसांचं एकदमच विचारतो : घेतलीस का? हे बावीस वेळा विचारलं असं समज. मी बरा आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, कामावर जातो. तू विचारणार नाहीसच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तर आता मुद्द्याचं. तुझ्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तुला जे वाचून दाखवलं, त्याला मागचं-पुढचं काही आहे, आणि ते मी पहिल्यापासून सांगणार आहे. मधेच आपटायची सोय पत्राला नसते, हा पत्राचा फोनपेक्षा मोठाच फायदा.

आमच्या वाइनच्या दुकानाच्या मालकीणबाई एका सोमवारी म्हणाल्या की प्रत्येक बाटलीखाली एक चिठ्ठी हवी. गिऱ्हाईक आत येतं, दोनशे बाटल्या बघून भांबावतं आणि शेवटी जिच्या लेबलावर घोडा आहे ती उचलून जातं. तेव्हा कुठली वाइन कशी आहे ते चार ओळींत लिही. आता चव घेणं हे माझं कामच. मागच्या गोदामात उभं राहायचं, पेल्यात बोटभर ओतायची, हुंगायची, तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. (लोकांना वाटतं मी दिवसभर पितो. आत्या, मी दिवसभर थुंकतो. लहानपणी ज्या गोष्टीसाठी तू मला धपाटे घातलेस, तिचाच मला पगार मिळतो.) पण लिहायचं काय? या धंद्यातली जाणती माणसं लिहितात की हिला ओल्या दगडाचा वास आहे, हिला घोड्याच्या खोगिराचा, हिच्यात पेन्सिलीचा भुसा जाणवतो. मी दगड कधी हुंगला नाही. घोड्याच्या जवळपास मी फिरकत नाही. पेन्सिली खाल्ल्यात, पण त्याला फार दिवस झाले. तीन दिवस कोऱ्या चिठ्ठ्यांसमोर कपाळाला हात लावून बसलो. चौथ्या दिवशी थंड डोंगरउतारावरची एक व्हाइट तोंडात घेतली आणि एकदम वाटलं, अरेच्चा, ही तर आपली धाकटी वहिनी! सडसडीत, गारेगार, आणि पहिल्याच वाक्याला खरं बोलून मोकळी. तेच लिहून टाकलं.

झालं! मग हात थांबेना. उन्हात भाजून निघणाऱ्या मैदानातली जाड रेड म्हणजे थोरले काका : आले की खोली भरते, दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येत नाही, आणि सोबत भरपेट जेवण ठेवलं नाही तर तुम्हालाच खातील. फसफसणारी स्पार्कलिंग म्हणजे मामा : दारात केवढा धडाका, आणि अर्ध्या तासात सोफ्यावर निपचित. गुलाबी रोझे म्हणजे आमचा मावसभाऊ, ज्याला सगळे हसतात आणि घर बदलताना कपाट उचलायला मात्र त्यालाच बोलावतात. नदीकाठची गोड, दाट पोर्ट म्हणजे काकू : काय ते लाड, काय ते बाळा-बाळा, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायची पाळी. चिठ्ठ्या लागल्या आणि लोक फळ्यांसमोर उभे राहून फिदीफिदी हसायला लागले, आणि हसता हसता बाटल्याही घ्यायला लागले. बँकेतले एक साहेब दर शुक्रवारी येतात आणि गंभीर चेहऱ्याने एक मामा मागतात. एका गृहस्थाने काकू परत आणून दिली, म्हणाला घरात एक आहे, तेवढी पुरे. मालकीणबाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी मला कशावरूनच बोलल्या नाहीत.

आता तुझ्याकडे येतो. तिसऱ्या फळीवर एका बेटावरची रेड होती. तिथे जमिनीत ज्वालामुखीची राख, वारा असा की वेली ताठ उभ्याच राहू शकत नाहीत, जमिनीला धरून वाढतात आणि तशाच म्हाताऱ्या होतात. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता, कारण पहिला घोट घेतला की जीभ कोरडी पडते. मी गोदामात चव घेतली आणि काहीही न ठरवता लिहून गेलो. तुला वाचून दाखवलंय, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी पदरचं काही घातलं असेल तर कळेल : “ही आमची आत्या. पहिल्या घोटाला कडक, तोंड वाकडं होईल. घाई करू नका, अर्धा तास उघडून ठेवा. मग जी मऊ होते ती शेवटच्या थेंबापर्यंत. जुनी आहे, पण उतरलेली नाही. हिला सोबत काही लागत नाही. एकटीच उत्तम.”

आठवडाभरात सगळ्या बाटल्या संपल्या, पुन्हा मागवाव्या लागल्या. लोक दारातूनच विचारायचे, आत्या आली का? तुला छातीशी धरून माणसं दुकानाबाहेर पडताना मी बघत होतो आणि खरं सांगतो, मला तुझा फार अभिमान वाटत होता. मग डॉक्टरीणबाई कसल्याशा परिषदेला इथे आल्या, दुकानात शिरल्या, चिठ्ठीचा फोटो काढला आणि हसत हसत गेल्या. दुसऱ्या दिवशी तुझा फोन. एवढंच म्हणालीस, “मी काय फळीवर मांडायची वस्तू आहे का रे?” आणि ठेवलास.

पहिले काही दिवस मी धरून चाललो की तुला ‘कडक’ झोंबलं. पण कडक इस्त्री हे तर तुझ्या पाटीवर तू स्वतः रंगवून घेतलं आहेस. मग वाटलं, ‘जुनी’. ते खोडून ‘मुरलेली’ केलं आणि फोन लावला. कापलास. ‘तोंड वाकडं’ खोडलं, पुन्हा लावला. पुन्हा कापलास. अशी खाडाखोड होऊन चिठ्ठी माझ्या चौथीतल्या गणिताच्या वहीसारखी दिसायला लागली आणि मालकीणबाई पुन्हा पूर्वीसारख्या बोलायला लागल्या.

गेल्या मंगळवारी समोरच्या गाळ्यातले घड्याळदुरुस्तीवाले आजोबा रिकामी बाटली घेऊन तक्रार करायला आले. म्हणाले, चिठ्ठी चुकीची आहे. चिठ्ठीवर विश्वास ठेवून मी एकटाच प्यायला बसलो, तर अगदी रुक्ष लागली. पेलाभर घेऊन बूच लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी बहिणीला बोलावलं, ऑम्लेट केलं, पाव भाजले, दोघं मनसोक्त भांडलो, आणि तीच बाटली अशी मऊ लागली की बहीण विचारते, अजून आहे का? ही शेवटची ओळ कुणी लिहिली? मी म्हटलं, मी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. तुम्ही कुणाबरोबर बसून चाखलीत? मी म्हटलं, बादलीबरोबर.

आजोबा गेले आणि मी गोदामात जाऊन खोक्यावर बसलो. आत्या, तुला ‘कडक’ लागलं नव्हतं आणि ‘जुनी’ही लागलं नव्हतं. तुला शेवटची ओळ लागली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि तू सव्वीसची. तुझा हात मागायला दोघे-तिघे येऊन गेले, मला आठवतं, त्यातल्या एकाने मला चॉकलेट दिलं होतं. प्रत्येकाला तू सांगितलंस, आधी या पोराचं मार्गी लागू दे. पोराचं मार्गी लागलं, आणि पोरगं त्याच मार्गाने इतक्या लांब नोकरीला निघून आलं. वर भरदुकानात लिहून लावलं की हिला सोबत लागत नाही. मला वाटत होतं, मी तुझं कौतुक करतोय! तू माझ्यापायी एकटी राहिलीस आणि मी तो तुझा गुण म्हणून मिरवला. इतका गाढवपणा मी आजवर केला नव्हता, आणि तुला माझे सगळे माहीत आहेत. चुकलो गं. मला माफ कर. मला रोज सकाळी दहा वाजता फार वाईट वाटतं.

ती ओळ मी काढून टाकली आहे. त्या जागी काय लिहायचं ते मला सुचत नाही, म्हणून जागा तशीच ठेवली आहे. गुडघ्याला शेक दे, मी सांगितलंय म्हणून नको देऊस, पण दे.

तुझा मूर्ख भाचा

ता. क. थोरल्या काकांना चिठ्ठ्यांचं कळू देऊ नकोस. मामांना कळलं तरी चालेल, ते स्वतः येऊन दारात उभे राहतील आणि विकतील.

ता. क. (दुसरा) खरं म्हणजे पत्र लिहिण्याचं कारण जरा वेगळंच आहे. येत्या महिन्यात दुकानात पन्नास पाहुण्यांसमोर उभं राहून मला वाइनच्या चवी समजावून सांगायच्या आहेत, आणि तू घेऊन दिलेल्या पांढऱ्या शर्टावर नेमका छातीवर रेडचा डाग पडलाय. आधी मीठ की आधी गार पाणी, ते आठवत नाही. तेवढं फोन करून सांग. मिनिटभराचं काम आहे. बाकीचं काही बोलू नकोस हवं तर.

ता. क. (तिसरा) वरचं साफ खोटं आहे. डागबिग काही पडलेला नाही, आणि आधी टिपायचं, चोळायचं नाही, मग मीठ, मग गार पाणी, हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. तू फोन करावास म्हणून थाप मारली. पण तुला थाप मारून लिफाफा चिकटवणं मला जमेना. म्हणून आत्ताच त्या बेटावरच्या रेडचा अर्धा पेला शर्टावर ओतला आहे. आता डाग खरा आहे, चांगला ताटलीएवढा. मीठ टाकलेलं नाही. पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तो पार वाळून गेलेला असेल, आणि वाळलेल्या डागाचं काय करायचं ते तू मला कधी शिकवलंच नाहीस. फोन कर.