गुलाबी पीन कुठली?

महाड,
सोमवार, २७ नोव्हेंबर २००६

प्रिय सुधीर,

तुझ्या शाळासोबती जुल्फिकारचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. एकात भागवलं अशी तक्रार नको. आईंना माझा आदाब सांग. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी दिलेलं तेल लावतोस की बाटली कपाटात ठेवून तेल संपल्याचं सांगतोस? इथे आम्ही सगळे ठीक आहोत, आणि हे वाक्य या वर्षात पहिल्यांदाच मनापासून लिहितो आहे. महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील (शाळेत धडेसुद्धा असेच वाचायचास): आमच्या अम्बरीनचा निकाह झाला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी झाला. आमच्या भागातली वीज साडेअकराला जाते. मधल्या चार मिनिटांत मी खुर्चीवर बसलो, तो अजून पुरता उठलेलो नाही.

साकिबचं तुला फोनवर सांगितलंच होतं. दासगावचा मुलगा, दोहाला नोकरी, स्वभावाने गरीब. सुट्टी मंजूर झाली, रद्द झाली, पुन्हा मंजूर झाली, पुन्हा रद्द झाली. शेवटी कळलं की शनिवारपासून त्याला सहा महिने लांब वाळवंटातल्या कामावर पाठवणार आहेत, तिथे ना फोन ना काही. अम्बरीनच्या व्हिसाचे कागद निकाहनाम्याशिवाय हलत नाहीत, म्हणजे निकाह शुक्रवारी नाही तर पुढच्या पावसाळ्यात. तेव्हा कॉम्प्युटरवरून बोलणं करून निकाह लावा ही अक्कल कुणाची होती? तुझी. (नंतर नाकबूल करू नकोस, माझ्याकडे पत्र आहे.) आमचे काझीसाहेब भला माणूस, ते लगेच तयार झाले, पण अट एकच घातली: नवऱ्या मुलाचा होकार दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी, आपापल्या कानांनी ऐकला पाहिजे. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगितलेलं चालणार नाही.

आणि तू पुण्याहून, वरंध घाटातून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती, पाठवलास काय? हेडसेट! एका माणसाच्या दोन कानांचा! वस्तू उत्तम आहे, मऊ आहे, तोंडापुढे माईकचा दांडा आहे, सगळं आहे. काझीसाहेबांनी तो आधी टोपीवरून घातला, मग टोपीखालून घालून पाहिला, मग टोपी काढायची की हेडसेट यावर विचार करत दोन मिनिटं डोळे मिटून बसले. पण साक्षीदार दोन. एक माझा मेहुणा सोहेल, दुसरे दासगावचे मुलाचे मामू. दोघांनी एकेक कान वाटून घ्यायचं ठरवलं, तर गालाला गाल लागायला लागले, आणि गेल्या वर्षी एका म्हशीवरून त्या दोघांचं बोलणं बंद झालेलं आहे. तेव्हा तो मार्ग बंद.

म्हणून मी कापड्याहून नाथूला बोलावला. नाथू म्हणजे पोलादपूर तालुक्यातली निम्मी लग्नं आणि सगळ्या पूजा ज्याच्या लाऊडस्पीकरवर होतात तो. तो अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरचा एक मोठा डबा आणि पिनांनी भरलेली पत्र्याची पेटी घेऊन साडेनऊलाच हजर. पेटी उघडली आणि मला पहिल्यांदा कळलं की जगात पिनांच्या किती जाती आहेत. जाडी पीन, बारकी पीन, जाडीतून बारकी, बारकीतून जाडी. त्यात जो तो जॅक, जॅक म्हणत होता. मी तीस वर्षं ट्रक चालवले, माझा जॅक गाडीखाली लागतो. पण नाथूने एक दोन तोंडांचा अडॅप्टर शोधून काढला: शेपूट कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात, एका तोंडात हेडसेटच्या कानांची पीन, दुसऱ्यात अ‍ॅम्प्लिफायरची वायर, आणि माईकची पीन गुलाबी भोकात. तूही चिठ्ठीत तेच लिहिलं होतंस, हिरव्याला हिरवी, गुलाबीला गुलाबी, लहान मूलसुद्धा लावील. (हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती.) कॉम्प्युटरची पाठ भिंतीकडे, टेबल जड, त्यामागे एकच माणूस मावेल एवढी जागा. नाथू म्हणाला, ‘‘मी घुसतो.’’ मी म्हणालो, घर माझं, पोरगी माझी, मी घुसतो. पांढरा झब्बा वर खोचला (मी पांढराच घालतो, तुला माहीत आहे), हात मोकळे हवेत म्हणून हेडसेट गळ्यात अडकवला आणि बॅटरी दातात धरून आत शिरलो.

लावल्या पिना. बाहेर येऊन पाहतो तर पडद्यावर साकिबचं नाव हिरवं की काय ते झालेलं, म्हणजे माणूस आलेला, पण डबा मुका. काझीसाहेबांनी ‘हॅलो’ म्हटलं, सोहेलने म्हटलं, मामूंनी तर सलाम घालून पाहिला. दोहा गप्प. नाथूने अ‍ॅम्प्लिफायरला दोन चापट्या मारल्या. मी पुन्हा टेबलामागे. पिना काढल्या, फुंकल्या, तशाच लावल्या. असं चार वेळा झालं. दहा वाजले, साडेदहा वाजले. दासगावची मंडळी घड्याळाकडे बघायला लागली. काझीसाहेबांना जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं. आणि सुधीर, तुला म्हणून सांगतो, पाचव्या खेपेला मी त्या टेबलामागे, कोळिष्टकांत, गुडघ्यांवर बसलो आणि माझे हातच चालेनात. मी स्वतःशीच पुटपुटलो, नाय लागलं यंत्र तर बरंच हाय. राहील माझी पोर घरात. आणखी काही महिने तरी राहील. बोललो आणि मलाच भीती वाटली. पोरीचा बाप निकाहाच्या दिवशी असं बोलतो का? पण बोललो खरा.

एवढ्यात पोरीची अम्मी, शमसुन्निसा, आतल्या खोलीतून एक चिठ्ठी घेऊन आली. अम्बरीनची. आता हे लक्षात घे की आमची अम्बरीन दोन वर्षं इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. महाडातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली. पण नवरी म्हणून तिला सकाळपासून पडद्याआड गप्प बसवलेलं, आणि आम्ही पाच शहाणे बाहेर पिना फुंकत होतो. तिला विचारावं हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. चिठ्ठीत दोन ओळी होत्या. मागच्या पिना उलट लागल्यात. अब्बांची पाठ दुखत असेल, आता नाथूकाकांना लावू द्या.

माझी पाठ खरोखरच दुखत होती. नाथू आत शिरला, ‘‘अरे देवा,’’ एवढंच म्हणाला, आणि डबा इतक्या जोरात किंचाळला की मामूंनी सोहेलचा हात धरला. (अजून सोडलेला नाही म्हणतात. म्हशीचं प्रकरण मिटलं.) नाथूने डबा ओढत दारापाशी नेला, किंचाळणं थांबलं, आणि दोहाहून साकिबचा आवाज आला, इतका स्वच्छ की माझ्या ओसरीवर उभा राहून बोलतोय असं वाटावं. पहिलं वाक्य काय असावं?

‘‘चाचा, मी मघापासनं सगलं ऐकतोय.’’

अम्बरीनने मला नंतर समजावलं. कानांची पीन माईकच्या भोकात गेली की कानच माईक होतात म्हणे. म्हणजे दीड तास दोहाचा आवाज इकडे येत नव्हता, पण इकडचं जे काही माझ्या गळ्याजवळ बोललं गेलं ते बारीक आवाजात तिकडे जात होतं. आणि हेडसेट सबंध वेळ माझ्याच गळ्यात! मी नाथूला काय म्हणालो, तुला काय म्हणालो (ते विचारू नकोस), आणि टेबलामागे काय म्हणालो, सगळं जावयाने ऐकलं. खोलीत दासगावची सगळी मंडळी. मी पांढरा पडलो की काळा, कोण जाणे.

साकिब म्हणाला, ‘‘चाचा, मला राग नाय आला. मी पयल्यांदा हिकडं आलो तवा माझी अम्मी असंच बोलली व्हती, विमान बंद पडलं तर बरं म्हून. अम्बरीन हितं आली की दर जुम्म्याला तुमच्याशी बोलंल, हा माझा शब्द हाय. तुम्ही पिना तेवढ्या नीट लावा.’’

मामू हसले, काझीसाहेब हसले, पडद्याआड कुणीतरी हसलं आणि मग रडलं, आणि मी दोन्ही एकदम केलं. मग काझीसाहेबांनी विचारलं आणि साकिबने कबूल म्हटलं. दोन्ही साक्षीदारांनी आपापल्या कानांनी ऐकलं. त्यांनीच काय, डबा दारात असल्यामुळे सगळ्या मोहल्ल्याने ऐकलं, समोरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ‘मुबारक’ म्हटलं. सह्या झाल्या, नाथूच्या तोंडात सगळ्यांत आधी मिठाई घातली, आणि वीज गेली. शनिवारी साकिब वाळवंटात गेला, व्हिसाचे कागद त्याच्या कंपनीतून हलले, आणि मी तीन रात्री गाढ झोपलो.

वहिनींना सलाम, मुलांना दुवा.

तुझा,
जुल्फिकार

ता. क. हेडसेट परत मागू नकोस, तो आता घरातला झाला.

ता. क. दुसरं. माझी पाठ कधीच दुखत नव्हती. आठवतं, चित्रकलेच्या तासाला मी आंब्याची पानं तांबडी रंगवली, मास्तरांनी मारलं, सगळा वर्ग हसला आणि तू एकटा हसला नाहीस? मी खोडी काढली नव्हती रे. मला ते दोन रंग सारखेच दिसतात, अजूनही. महाडात सिग्नल नाही आणि मुंबईत मी पुढच्या गाडीकडे बघून गाडी चालवली, म्हणून निभावलं. शमसुन्निसाला वाटतं मला पांढऱ्या रंगाची आवड आहे. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अम्बरीनला कधी कळलं ते मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही, तिने फक्त पाठीचं लिहिलं.

ता. क. तिसरं, आणि यासाठीच पत्र लिहायला बसलो. साकिब वाळवंटातून परतला की ती जाईल, आणि हा हेडसेट तिच्याबरोबर जाईल. तेव्हा एक नवा हेडसेट पाठव, आणि पाठवण्याआधी पिनांना दोरा बांध: माईकच्या पिनेला एक गाठ, कानांच्या पिनेला दोन. कॉम्प्युटरच्या भोकांजवळ खिळ्याने तसेच एक आणि दोन ओरखडे ती जाण्याआधी मी नाथूकडून काढून घेईन, कारण विचारलं तर पाठ आहेच. गाठी मात्र घट्ट मार. दर शुक्रवारी लागणार आहेत.