झेंडूच्या पोटातला रिपोर्ट

३ नोव्हेंबर, सोमवार
मानेतल्या गाठीचा रिपोर्ट मेलवर आला. पहिलं पान वाचलं, पुढचं नंतर. हर्षालीला सांगायचं नाही. बायकोचा जीव उगाच टांगणीला लागेल. मी खंबीर आहे. डॉक्टर म्हणालेत, रिपोर्ट घेऊन आठवड्याच्या आत या. जाईन.

४ नोव्हेंबर
यूट्यूबवर जबरदस्त गोष्ट सापडली. फोटोच्या पोटात फाइल लपवता येते. वरून फोटो, आत रिपोर्ट. सिन्नरच्या कंपनीत बारा वर्षं कॉम्प्युटर सांभाळतोय, मला जमणारच. डॉक्टर नंतर, आधी सिक्युरिटी.

६ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
जमलं. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला झेंडू, आत अख्खा रिपोर्ट. मेल डिलीट. लॅपटॉपवरचं सगळं साफ. बॅकअप हवा म्हणून फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली ‘शुभ सकाळ’. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणि कुणाला पत्ता नाही. एकोणीस जणांनी हात जोडले. लंकाआत्याचा व्हॉइस मेसेज आला, फुलं लय भारी हायेत. हर्षालीने बघितलं, काही टाकलं नाही.

१० नोव्हेंबर
आठवडा संपला. गाठ दुखत नाही, म्हणजे घाई नसावी. हर्षालीने दोनदा विचारलं, काही बोलायचंय का. ऑफिसचं टेन्शन म्हणालो.

१२ नोव्हेंबर
ग्रुपवरून फोटो उतरवून उघडला. नुसता झेंडू. सृष्टीला विचारलं, मित्राची अडचण म्हणून. लेक म्हणाली, पप्पा, व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आतलं सगळं जातं, हे कुणालाही माहीत असतं.
वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. रिपोर्टच नाही तर डॉक्टरांना दाखवणार काय? लॅबला उद्या फोन करतो.

१७ नोव्हेंबर
लॅबला फोन केला नाही. सोमवारी गर्दी असते त्यांना. मफलर बांधून फिरतोय. थंडी पडलीय म्हणून.

१९ नोव्हेंबर, बुधवार
हर्षालीने चहाच्या कपाशेजारी रिपोर्टची प्रिंट ठेवली.
लॅबच्या फॉर्मवर मोबाइल नंबर मीच तिचा लिहिला होता. गॅस, शाळा, बँक, सगळीकडे सवयीने तिचाच लिहितो. तीन तारखेलाच रिपोर्ट तिच्या मोबाइलवरही आला. तिने पूर्ण वाचला. ग्रुपवर झेंडू बघून मी काहीतरी लपवतोय याची खात्रीच पटली, म्हणाली, तुम्ही जन्मात कुणाला शुभ सकाळ केलेलं नाही. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून थांबले. उद्या डॉक्टरांकडे नऊचा नंबर लावलाय.
मी घाबरलोय, असं तिला सांगितलं. म्हणाली, मीही घाबरलेय, पण सोळा दिवस ते कुणाला सांगायचं होतं मी?