तारामतीच्या झाडाचा बिनअळीचा पेरू

चिक्कडपल्ली, हैदराबाद

चि. सौ. रंजना हिला दाजींचे आशीर्वाद. विजयरावांचा गुडघा आता जिने चढू देतो का? माझी तब्येत साखर सोडली तर उत्तम आहे (म्हणजे साखर मी सोडलेली नाही, तीच वाढली आहे).

पत्रास कारण तुझ्या ताईचा पेरू. पुढच्या आठवड्यात तारामतीला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या पानात तिने लावलेल्या झाडाचा एक तरी बिनअळीचा पेरू असावा, एवढीच माझी इच्छा आहे. गेल्या साली दवाखान्यात तिने तो मागितला होता. मी चिरला तो प्रत्येक किडका निघाला. शेवटी बाजारातला नेला. तिने एक फोड चावून पाहिली आणि बशी बाजूला सारली.

म्हणून यंदा फळमाशीशी रीतसर वैर धरलं. कडुनिंबाचं तेल फवारलं, तर माशा जागच्या हलल्या नाहीत, मीच दिवसभर शिंकत होतो. मग त्यांना भुलवणारा सापळा टांगला. त्याच्या वासाने आमच्या माशा तर आल्याच, बहुधा पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दिलसुखनगरच्याही आल्या. अखेर कळलं की पेरू लिंबाएवढा असतानाच कापडात बांधून टाकायचा. कापडासाठी ताईची पेटी उघडली. हळदीकुंकवाला मिळालेले, कधीही न शिवता पुढच्या बाईला द्यायचे म्हणून जपलेले ब्लाउजपीस. (तुझा मोतिया रंगाचा तिने तुला परत दिला होता आणि तू पुन्हा तिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.) सुती होते तेवढे फाडले, पिशव्या शिवल्या आणि लाल दोऱ्याने एकेक पेरू बांधला.

आठवडा झाला नसेल, रस्त्यावर झुकलेल्या फांदीला एक चिंधी दिसली. ती माझी नव्हती. मग हिरवा रुमाल हातात घेतलेल्या एक बाई फाटकाशी थांबल्या. “चाचा, ये झाड मन्नत कब से सुनरा?” मी त्यांना फळमाशीची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि रुमाल बांधून गेल्या. आता कोचिंग क्लासची मुलं परीक्षेला जाताना येतात, घरात आजारी माणूस असलेलेही येतात. पेरू पिकले आहेत, अंगणभर वास सुटला आहे, पण लोक झाडाला हात लावू देत नाहीत. तेव्हा तू श्राद्धाच्या आदल्या दिवशीच ये.

घरी सर्वांना यथायोग्य.

तुझे दाजी,
मुकुंदराव

ता. क. येताना जुने सुती ब्लाउजपीस असतील तर आण. फिरवाफिरवीतले चालतील.

ता. क. आणखी एक. लोक हात लावू देत नाहीत असं वर लिहिलं, ते खोटं आहे. त्या रुमालवाल्या बाईच परवा म्हणाल्या, “आपकाइच झाड है चाचा, तोड लेव.” मोतिया कापडातला पेरू सगळ्यांत मोठा झाला आहे. मी रोज स्टुलावर चढतो, गाठीला हात लावतो आणि उतरतो. आत अळी निघाली तर मला सोसायचं नाही. ती गाठ तू सोड. मी खाली ताट धरून उभा राहीन.