रावांच्या तोंडातला पुरावा

रविवार, १० नोव्हेंबर २०२४. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

स्थळ कुडाळ, मत्स्यछंद मंडळाचं प्रदर्शन. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, उद्या कुणी नाकबूल व्हायला नको. अडतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, ती सवय आता कामाला येईल.

माझा फोटो बोर्डावरून उतरवला! त्या जागी चिठ्ठी – 'फोटोतील माशाच्या तोंडात अंडी दिसत नाहीत. मथळा चुकीचा. – सचिव.' सचिव म्हणजे सुदेश. शोभेच्या माशांचं दुकान याचं, मंडळ याचं, आणि दिसतं काय नि दिसत नाही काय हेही हाच ठरवणार.

मथळा होता 'उपाशी बाप'. त्यात चुकीचं काय? दिवाळीच्या पाडव्याला माझ्या टाकीत बाईसाहेबांनी अंडी घातली आणि रावांनी ती तोंडात घेतली. या पट्टेवाल्या जातीत बापच पोरं सांभाळतो. तीन-चार आठवडे तोंड मिटून, अन्नाचा कण न घेता. मी समोर खुर्ची टाकून बसले होते, ऐकीव गोष्ट नव्हे.

सुदेश सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, खात नाही म्हणजे आजारी असेल. निळं औषध देतो, दहा थेंब घाला."

मी म्हटलं, "ते तुमच्या डोळ्यांत घाला. आंधळे आहात!"

चौदा माणसांनी ऐकलं. मोजली मी.

तो हसला. हसला! म्हणे स्पष्ट फोटो आणा, पंचवीस तारखेपर्यंत बोर्ड दुकानात आहे, लावतो. फोटो फ्रेमसकट काखेत मारला आणि एसटीने मालवणला परत. आता टाकीच्या शेजारीच खिळ्याला टांगलाय. रोज बघेन, म्हणजे राग ताजा राहील.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मंडळाला हरकतीचं पत्र, रजिस्टर्ड, पोचपावतीसह. माझ्याच जुन्या खिडकीवर रांगेत उभी राहिले. शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, राग आला की आधी अक्षर नीट काढ. फार सुंदर अक्षर आलंय.

मोबाइलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स मागवली. फोटो मोबाइलचाच होता आणि थोडा धूसर होता, एवढं मान्य. फक्त एवढंच.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मासेवाली हौसाबाई पाटी घेऊन आली. पाणी प्यायला आत आली ती टाकीसमोर उभीच राहिली. चष्मा नाही, लेन्स नाही. म्हणाली, "बाय, ह्येच्या तोंडात गाबोळी आसा."

माझे डोळे भरून आले. निदान एक साक्षीदार! विचारलं, तुका कसा कळला?

"शिंगाळ्याचो बापूसपण असोच करता. गोट्यांयेवढी अंडी तोंडात घेवन फिरता. उपाशी रवात, पण तोंड उघडूचो नाय."

सुदेशला हौसाबाईच्या पाटीसमोर महिनाभर बसवायला हवं.

मग तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. "आणि ही तेची बायल मां?" मी म्हटलं, अगो, तोच तो. "असात," म्हणाली आणि बांगडे निवडायला लागली. हौसाबाईला मासा कळतो. फोटो हे शास्त्र वेगळं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

चिमटा आला. वस्तूपासून दोन बोटांवर नेला तरच दिसतं. राव राहतात मागच्या खडकाखाली, समुद्री साळूच्या काट्यांच्या आडोशाला, काचेपासून हातभर आत. मला काचेवरच्या शेवाळाचे अप्रतिम फोटो मिळाले. शेवाळाचं प्रदर्शन असतं तर पहिला नंबर होता.

राव अजून काही खात नाहीत. बाईसाहेब त्यांच्या वाटणीचंही खातात.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पोचपावती आली. सही सुदेशची. उत्तर नाही.

पुण्याहून समीक्षाचा फोन. बहिणीची मुलगी, पण बोलते माझ्या सासूसारखी. तिने तिचा जुना कॅमेरा मला दिलाय, तो कपाटात निजलाय म्हणून आधी बोलणी. मग धडा. लेन्सच्या मागे लावायच्या पोकळ नळ्या सगळ्यांत स्वस्त, पण त्या लावल्या तरी जवळच जावं लागतं. साठ मिलिमीटरची मॅक्रो घेतली तरी नाक काचेला. नव्वद किंवा शंभरची असेल तर लांबून मासा तेवढाच मोठा मिळतो. "मावशी, तुझा मासा बुजरा आहे. तुला लांबून बघणारी लेन्स पाहिजे." मुलीला अक्कल आहे. मी शिकवलेली.

नव्या शंभरची किंमत ऐकून फोन खाली ठेवला. तेवढ्यात माझ्या गच्चीवर पत्रे पडतील. मी देणार आठ हजार. एक पैसा वर नाही. जुनी बघणार.

रविवार, १७ नोव्हेंबर

जाहिरात बघून जामसंड्याला गेले. 'नव्यासारखी.' समीक्षाने सांगितलं होतं तसा एका बाजूने टॉर्च मारला, दुसरीकडून बघितलं. आत बुरशी! कोळ्याने जाळं विणावं तशी. आपल्या खाऱ्या हवेत लेन्स उघडी ठेवली की दुसरं काय होणार.

तो म्हणाला, "मावशी, फोटोत दिसत नाही ती."

मी म्हटलं, न दिसणाऱ्या गोष्टींचा मला या महिन्यात पुरेसा त्रास झालाय.

येण्याजाण्यात दिवस गेला. उरले आठ. त्याआधीच रावांनी पिल्लं सोडली तर पुरावा पोहत निघून जाईल!

सोमवार, १८ नोव्हेंबर

आणि लेन्स होती कुठे? बाजारपेठेत, माझ्या घरापासून सातशे पावलांवर!

भाईंच्या फोटो स्टुडिओत सहज विचारलं. भाईंनी वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढली. आत लेन्स, भोवती चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. नव्वदची मॅक्रो. लग्नांत अंगठीचे आणि मंगळसूत्राचे फोटो काढायला घेतलेली. "आता अंगठी कोणाक नको, विमलाताई. सगळ्यांका ड्रोन होयो." टॉर्च मारला. स्वच्छ! वास कैरीचा.

फोकस हातानेच फिरवावा लागतो. भाई म्हणाले, तेच बरं, आपोआप फोकसवाली काचेवरचा ओरखडाच धरून बसली असती. पाच हजार, जोडरिंगसह. शिवाय पहिली प्रत त्यांच्या शोकेसमध्ये लावायची. मी घासाघीस केली नाही. वय झालं बहुतेक.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान करून आले आणि टाकीसमोर बसले. पन्नास फोटो. सगळ्यांत मी! माझा चष्मा, माझी साडी, शाईचं बोट. मासा माझ्या कपाळावर पोहतोय.

पडदे ओढले. काळ्या छत्रीचं कापड काढून त्याला भोक पाडलं, लेन्स त्यातून बाहेर, मी मागे. हौसाबाई दारातून म्हणाली, "बाय, घरात पाऊस पडता काय?"

पण दिसायला लागलं! इतके दिवस दोघं मला सारखीच वाटत होती. रावांच्या शेपटीचं वरचं टोक तुटकं आहे, जखम जुनी, कडा भरून गुळगुळीत झालेली. बाईसाहेबांची शेपटी अखंड, कात्रीने कापल्यासारखी. वर्षभर एका घरात राहून हे कळलं नव्हतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

भाई स्वतः येऊन बघून गेले. लेन्स तिरकी धरते म्हणून धूसर येतं – काचेला अगदी समोरासमोर हवी. दिवा वरून. आणि वाट बघायची. राव मधूनच तोंड किंचित उघडून आतली अंडी घोळवतात. तेवढाच क्षण.

एकशे चाळीस फोटो. एकशे चाळीस मिटलेली तोंडं. सरकारी कचेरीसुद्धा एवढी बंद नसते.

शनिवार, २३ नोव्हेंबर

राव फार हडकलेत. पोट आत, हनुवटी सुजल्यासारखी. आज कॅमेरा बाजूला ठेवून नुसती बसले त्यांच्यासमोर. सुदेशचं ऐकून औषध घातलं असतं तर?

रविवार, २४ नोव्हेंबर

मिळाला!! सकाळी ९ वाजून २२ मिनिटं.

तोंड उघडलं आणि आतून डोळे बघत होते. अंडी नव्हेतच आता, पिल्लं! चंदेरी डोळे, एकावर एक, एसटीच्या खिडकीतून पोरं बघतात तसे. मी बारा मोजले. श्वास रोखून बटण दाबलं.

भाईंनी रविवारी दुकान उघडून दोन प्रती काढल्या. एक शोकेसमध्ये लागली, तिथे आताच चार माणसं उभी होती. हौसाबाईने दुसरी कडांना धरली आणि चित्राला बोट न लावता बघत राहिली. म्हणाली, "बापाशीन टिकवल्यान गो."

सुदेशला पत्राचा मसुदा तयार. तीन परिच्छेद. 'आंधळे' हा शब्द तिन्हींत आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पत्रासोबत जुना फोटोही जोडावा म्हणून भिंतीवरून उतरवला. दोन्ही शेजारी ठेवले.

नव्या फोटोत शेपटीचं टोक तुटकं. जुन्या फोटोत शेपटी अखंड. धूसर, पण अखंड! दोन्ही टोकं.

परत परत बघितलं. चष्मा पुसला. टाकीत बघितलं. पंधरा दिवस भिंतीवर बाईसाहेब टांगल्या होत्या. हौसाबाईने पाणी पिता पिता ओळखलं होतं. मी तोंडाकडे बघत बसले, शेपटीकडे कोण बघतं!

म्हणजे चिठ्ठीतलं वाक्य – 'फोटोतील माशाच्या तोंडात अंडी दिसत नाहीत' – शब्दशः खरं. औषधाबाबत तो चुकलाच, ते मी सोडणार नाही. पण चिठ्ठीत औषध नव्हतं.

मसुदा फाडला.

सोमवार, २५ नोव्हेंबर. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

प्रति, श्रीमती विमला, सेवानिवृत्त उपडाकपाल, मालवण. दि. १० रोजी ११ वाजून १० मिनिटांनी आपण कुडाळ येथे बायकोच्या फोटोला बापाचा मथळा दिला आणि तो उतरवणाऱ्या माणसाला चौदा जणांसमोर आंधळा म्हणालात. साडेनऊच्या एसटीने नवा फोटो घेऊन जावं, आणि याचं लेखी उत्तर आज संध्याकाळी पाचच्या आत सुदेश यांच्या हाती समक्ष द्यावं. अक्षर नीट काढावं. पोच घ्यावी.