एका तोंडाच्या दोन कवळ्या

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा रक्तदाब, दोन्ही आपापल्या हद्दीत असतील अशी आशा आहे. इकडे मी चावतो आहे, तुमची धाकटी भावजय बोलते आहे, आणि दोघांनाही दम लागत नाही.

लिहायचं कारण तुमचं आणि बारकीचं भांडण. बापलेक दोघं दातांचे डॉक्टर, दवाखाना एक, पण ती म्हणाली, "बाबा, कवळीसाठी म्हाताऱ्यांना इतके हेलपाटे कशाला?" आणि तुम्ही वेळा वाटून घेतल्यात. सकाळ तुमची, संध्याकाळ तिची. घरात निरोप वहिनींमार्फत. (त्या आता टपालखात्याचा पगार मागताहेत.) मी पडलो बोळका. म्हटलं, माझ्याच तोंडात निकाल लावा, दोघांनी एकेक कवळी करा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्या तोंडात लगदा गेला.

बारकीनं एकदाच गुलाबी लगदा भरून माप घेतलं, पुढच्या खेपेला मेणावर चावायला लावलं, मेणातले दात घालून पाहिले, की कवळी हातात. मला उगीच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तुमच्याकडे कसा थाट! आधी कच्चं माप, त्यावरून खास माझ्या जबड्याचा ट्रे, मग मेण तापवून हिरडीच्या कडेकडेनं लावत "गाल फुगव, जीभ काढ", मग पक्कं माप, आणि वर कानांत दांडे खुपसून जबड्याची ठेवण मोजायची ती लोखंडी कमान. (तो अवतार पाहून बाहेरचा एक पेशंट, आपला दात दुखायचा थांबला असं सांगून निघून गेला.) शिवाय उच्चारासाठी सहासष्ट, सदुसष्ट घोकून घेतलंत. मी घरीही घोकत होतो, तर शेजारचे विचारायला आले की काय मोजताय.

आता निकाल. त्या दिवशी तुम्ही अचानक घरी आलात, माझी हनुवटी धरलीत, सफरचंद चावायला लावलंत, कान लावून आवाज ऐकलात आणि म्हणालात, "याला म्हणतात काम! घाईच्या कामात ही बैठक येते का?" मी मान डोलावली. तेव्हा दादा, तुम्ही जिंकलात. जुनं ते सोनं. पण जिंकलेल्या माणसानं थोडं वाकायला काय हरकत आहे? दवाखान्याच्या दारात तुम्ही दोघं एकमेकांना चुकवून जाता, ते मला बघवत नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. : बारकीलाही आजच पत्र टाकलं आहे. त्यात ती जिंकली आहे.

ता. क. २ : खोटं पचत नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी गडबडीत हाताला लागली ती कवळी मी घातली होती. तुम्ही गेल्यावर पाहिलं, तर तुमची डबीतच होती. तुम्ही पोटभर कौतुक केलंत ते लेकीच्या हातचं. रागावू नका. तुमच्या चेहऱ्यावर इतका अभिमान मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

ता. क. ३ : काल तुमच्या धाकट्या भावजयीनं दोन्ही कवळ्या एकाच भांड्यात धुतल्या. आता कोणती कोणाची, देव जाणे. त्यातली एक खाली डाव्या बाजूला टोचते आहे, जराशी घासून हवी. रविवारी दोघं मिळून या. एकटं कुणी आलं, तर मी तोंड उघडणार नाही.