काढ्याचा गुण

कळंब, रविवार

ती. गुरुसिद्धप्पा दाजींना वैजनाथचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल, अक्काही खुशाल असतील. (फोनच केला असता, पण अक्का तो स्पीकरवर टाकतात आणि मग सगळ्या भूमला बातमी.) दाजी, मला जबर धक्का बसलाय.

तुम्ही दिलेली गुळवेलीची कांडी मी अंगणात लावली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बघता बघता ती जाळीवरून गच्चीवर गेली आणि डिशच्या छत्रीला असा विळखा घातला की बातम्याच बंद झाल्या (त्यानंही तब्येत सुधारते म्हणा). आमच्या हिची, दैवशालाची, साखर तेव्हा दोनशे साठ. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर सुई सुरू करावी लागेल. सुईच्या नावानं ती ढसाढसा रडली, पण गुडघे दुखतात म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना. मग मीच पहाटे उठून गुळवेल ठेचायची, उकळायची, गाळून पेला तिच्या हातात द्यायचा, असा नेम धरला. बसून प्यायलं की मळमळतं म्हणून ती पेला घेऊन बाहेर पडायची. तीन महिन्यांत साखर एकशे तीस! डॉक्टरांनी पुन्हा सुईचं नाव काढलं नाही. मी आळीभर गुळवेलीचे गुण सांगत सुटलो. ताप म्हणू नका, सांधे म्हणू नका, भूक म्हणू नका. शेजारच्या जमिलाबींनाही रोज एक पेला देऊ लागलो.

परवा दूधवाला आला नाही म्हणून मी पार गावाबाहेरच्या डेअरीकडं निघालो, तर समोर या दोघी! बाभळीच्या बुडाशी पेले उपडे करत होत्या. मी टपरीच्या आड. जमिलाबी म्हणत होत्या, "भाभी, इतक्या लांब कशाला? मोरीत वतायचा की." तर ही म्हणाली, "न्हाय बाई. घराजवळ वतला तर ह्यांना दिसंल. बिचारं पहाटं उठून उकळतंय, लई जिवाला लागंल."

येऊन-जाऊन पाच किलोमीटर, दाजी! रोज! साखर कशानं उतरली ते मला तिथंच उमगलं. तणतणत घरी आलो, पातेल्यात उरलेला काढा जन्मात पहिल्यांदा चाखला आणि बायकोवरचा सगळा राग जागीच ओसरला.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. : मी पाहिलंय हे अक्कांना कळू देऊ नका. त्यांच्याकडून हिला कळलं, तर उद्यापासून काढा मोरीत आणि ही घरात.

ता. क. २ : वेल कापून कापून बुडाशी आलीय. येत्या बाजारी दोन कांड्या पाठवा. तुमच्याकडं असेल त्यातली सगळ्यांत कडू निवडा. चुकून प्यायली, तर घात होईल.